छोट्या बोटीसाठी फ्लेअर पिस्तूल घ्यावं का? कायदा काय म्हणतो आणि काय घेणं शहाणपणाचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दाभोळच्या खाडीत २८ फुटांची फायबरची बोट आहे, आउटबोर्ड इंजिनाची. गळाने मासे पकडायची हौस असलेल्या पाहुण्यांना घेऊन किनाऱ्यापासून आठ-दहा मैल आत जाणं होतं. अमेरिकेत मेरीलँडला राहणाऱ्या मेहुण्यांच्या बोटीवर नारिंगी रंगाचं फ्लेअर पिस्तूल आहे, म्हणजे संकटात जळता लाल तारा आकाशात सोडायचं पिस्तूल, आणि दिवाळीला येताना ते तसंच एक घेऊन येतो म्हणाले आहेत. तर १२ गेजच्या नळीचं घ्यावं की २५ मिलिमीटरच्या? लायसन्स लागतं का? आणि जमलं तर बागेत येणाऱ्या वानरांना, डुकरांना हाकलायलाही ते वापरता येईल का?

मी व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो. आता छोट्या बोटींची सुरक्षा तपासणी आणि खलाशांचं प्रशिक्षण हे काम करतो. उत्तर आधीच सांगून टाकतो, कारण दिवाळी जवळ येईल आणि मेहुण्यांची बॅग भरून होईल: पिस्तूल आणू नका, आणि इथे कुणी देऊ केलं तरी घेऊ नका. त्याऐवजी हातात धरून सोडायचं पॅराशूट रॉकेट घ्या, ज्याचा प्रकाश उंच जाऊन छोट्या पॅराशूटला लटकत जळत हळूहळू खाली येतो. कायद्याची कटकट कमी आहे हे एक कारण झालं. त्याहून मोठं कारण असं की रात्रीच्या समुद्रात माणूस वाचवायच्या कामात ते पिस्तुलापेक्षा सर्व बाजूंनी सरस आहे.

हे नीट कळायला आधी एक गोष्ट डोक्यातून काढावी लागते. आपण सोडायचं यंत्र कोणतं, याची तुलना करत बसतो. पलीकडच्या माणसाला यंत्र दिसत नाही, प्रकाश दिसतो. तो किती उंच गेला, किती तेज होता आणि किती वेळ टिकला, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं.

१२ गेजच्या पिस्तुलातून निघणारा लाल तारा साधारण २५० फूट, म्हणजे पाऊणशे मीटर वर जातो आणि सहा-सात सेकंदांत विझतो. २५ मिलिमीटरचा थोडा अधिक उंच जातो, थोडा अधिक तेज असतो, पण वेळेत फारसा फरक नाही. आता आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, म्हणजे समुद्रावरच्या जीवसुरक्षेचा सोलास करार आणि त्याखालची जीवरक्षक साधनांची संहिता यांनुसार मान्य झालेलं पॅराशूट रॉकेट बघा. ते किमान ३०० मीटर उंच गेलं पाहिजे, किमान ३०,००० कँडेला (प्रकाशाच्या तेजाचं एकक) तेजाने किमान ४० सेकंद जळलं पाहिजे, आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला ५ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. गणित करून बघा: ४० सेकंदांत ते फार तर २०० मीटर खाली येतं, म्हणजे विझतानासुद्धा ते शंभर मीटर उंचीवर असतं. १२ गेजच्या पिस्तुलाचा तारा आयुष्यात जिथे पोचत नाही, तिथे हे रॉकेट विझतं.

पृथ्वीच्या गोलाईचाही हिशेब आहे. उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला २.०८ ने गुणलं की क्षितिजापर्यंतचं अंतर सागरी मैलांत मिळतं. बघणाऱ्याचे डोळे पाण्यापासून दोन मीटर वर आहेत असं धरलं, तर ३०० मीटरवरचा प्रकाश तत्त्वतः ३९ मैलांवरून क्षितिजावर येतो, पाऊणशे मीटरवरचा २१ मैलांवरून, आणि तुम्ही बोटीत उभं राहून हातात धरलेली लाल उजेडाची संकटमशाल जेमतेम ६ मैलांवरून. प्रत्यक्षात हवेतली धूळ, दमटपणा, धुरकटपणा यामुळे हे आकडे बरेच खाली येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या किनाऱ्यावर पहाटे जो धुरकट पडदा असतो, त्यात तर फारच. पण प्रमाण तेच राहतं.

मला मात्र उंचीपेक्षा वेळ अधिक महत्त्वाचा वाटतो. मासेमारीच्या बोटीवर रात्री दोन वाजता कोण कुठे बघत असतं? तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, सुकाणूवर असतो, त्याच्या डोळ्यांसमोर जीपीएसचा पडदा. खलाशी जाळ्यात डोकं घालून. वर पांढरे एलईडी दिवे इतके लख्ख की बोटीच्या बाहेर काळोखाशिवाय काही दिसत नाही. अशा वेळी सहा सेकंदांचा लाल ठिपका कुणाच्या नजरेच्या कोपऱ्यात आला, तरी त्याने मान वळवेपर्यंत तो संपलेला असतो. ‘काहीतरी चमकलं वाटतं’ एवढं म्हणून तो परत जाळं ओढायला लागतो. चाळीस सेकंद म्हणजे मान वळवायला, दुसऱ्याला हाक मारायला, होकायंत्रात दिशा बघून ठेवायला मिळालेला वेळ.

मग अमेरिकेत घरोघरी पिस्तूल का? कारण तिथला कायदा आणि तिथलं पाणी. तिथल्या तटरक्षक दलाच्या नियमांनुसार किनारी पाण्यात जाणाऱ्या १६ फूट वा त्याहून लांब हौशी बोटीवर दिवसा आणि रात्री वापरायचे संकटसंकेत ठेवणं सक्तीचं आहे. दारूकामाचे संकेत निवडले तर दिवसासाठी तीन आणि रात्रीसाठी तीन लागतात, दोन्ही वेळी चालणारे असतील तर एकूण तीन पुरतात. त्यांवर तटरक्षक दलाचा मान्यता क्रमांक असावा, मुदत संपलेली नसावी आणि हाताशी असावेत. तिथे ही मुदत उत्पादनापासून ४२ महिने धरतात. पिस्तूल आणि त्याची तीन-चार काडतुसं यांचा संच ही अट स्वस्तात पुरी करतो, म्हणून तो खपतो. मेहुणे ज्या चेसापीक उपसागरात फिरतात तिथे कुठल्याही बाजूला काही मैलांवर किनारा आहे, आणि उन्हाळ्यात बोटींची वर्दळही भरपूर. त्यांच्यासाठी ती निवड चुकीची नाही.

शिवाय अमेरिकेच्या संघीय कायद्यात विध्वंसक उपकरणांची व्याख्या करताना संकेत देण्यासाठी, दारूकामासाठी, दोर फेकण्यासाठी बनवलेली साधनं स्पष्टपणे वगळलेली आहेत. त्यामुळे फ्लेअर पिस्तूल तिथे दुकानाच्या फळीवरून उचलून घेता येतं. पण ही सूट फक्त संकेताच्या वापरापुरती आहे. नळीत दुसरी नळी घालून त्यातून गोळी किंवा छरे मारायची सोय केली, की तिथेही ते शस्त्र ठरतं आणि मालकावर गंभीर गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि १२ गेजच्या प्लॅस्टिकच्या पिस्तुलात शिकारीचं काडतूस बसतंय म्हणून घालू नये, हे तर कायद्याच्याही आधी येतं: ती नळी तो दाब झेलण्यासाठी बनवलेलीच नसते. ती हातात फुटते.

अमेरिका सोडली की चित्र बदलतं. ब्रिटनमध्ये व्हेरी पिस्तूल, म्हणजे हेच फ्लेअर पिस्तूल, विकत घ्यायला पोलिसांकडून फायरआर्म सर्टिफिकेट घ्यावं लागतं. जर्मनीत जहाजी संकेताच्या मोठ्या पिस्तुलाला शस्त्र बाळगण्याची परवानगी लागते. म्हणून युरोपातले बरेचसे शिडाच्या बोटीवाले हातातली रॉकेटं आणि मशाली घेऊन मोकळे होतात.

आता भारत. आपल्याकडे तीन कायदे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि लोकांना बहुधा त्यातला एकच माहीत असतो.

पहिला, शस्त्र अधिनियम १९५९. त्यात अग्निशस्त्राची व्याख्या अशी आहे की स्फोटकाच्या किंवा अन्य ऊर्जेच्या जोरावर कोणत्याही प्रकारचं प्रक्षेपण करण्यासाठी बनवलेलं किंवा तसं बदललेलं कोणत्याही वर्णनाचं शस्त्र. काडतूस, घोडा, नळी आणि त्यातून उडणारा तारा हे सगळं या वर्णनात बसतं. कुणी वकील म्हणेल की कायद्यात शस्त्र म्हणजे हल्ल्यासाठी वा बचावासाठी बनवलेली वस्तू, आणि संकेताचं पिस्तूल तशी वस्तू नाही. मुद्दा बिनबुडाचा नाही. पण तो मांडायची जागा म्हणजे कोर्ट, आणि कोर्टापर्यंत जाईस्तोवर तुमची वस्तू जप्त झालेली असेल, तुमच्या नावावर गुन्हा नोंदलेला असेल आणि जामिनासाठी खेपा चालू असतील. कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र बाळगायला परवाना लागतो आणि कलम १० प्रमाणे ते देशात आणायला वेगळा परवाना लागतो. मेहुण्यांच्या बॅगेची गाडी या दुसऱ्या कलमावर अडते. ‘खेळण्यासारखं आहे हो, प्लॅस्टिकचं आहे’ हे विमानतळावरच्या कस्टम्सला पटवायची जबाबदारी त्यांच्यावर येईल.

याच कायद्यात आपल्या कामाची एक सूट आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ४५ म्हणतं की समुद्रगामी जहाजावर किंवा विमानावर असलेली आणि त्या जहाजाच्या नेहमीच्या शस्त्रसामग्रीचा किंवा साधनसामग्रीचा भाग असलेली शस्त्रं व दारूगोळा यांना हा कायदा लागू नाही. जहाजांवर दोर फेकणारी रॉकेटं, संकटरॉकेटं निर्धोकपणे असतात ती याच आधारावर. पण या सूटीचे शब्द नीट वाचा. जहाज समुद्रगामी हवं, वस्तू जहाजावर हवी, आणि ती नेहमीच्या सामग्रीचा भाग हवी. खाडीतली हौशी बोट समुद्रगामी ठरते की नाही, यावरच पहिला वाद होईल. ती ठरली, तरी वस्तू पिशवीत घालून घरी नेली, गाडीच्या डिकीत ठेवली, बागेत काढली, की सूट संपली. आणि भारतात छोट्या बोटींच्या साधनयादीत फ्लेअर पिस्तूल ही नेहमीची वस्तू नाही, त्यामुळे तिसरी अटही लंगडी पडते. मशाली आणि पॅराशूट रॉकेटं मात्र जगभरच्या जहाजांची नेहमीचीच सामग्री आहे. तुमच्या बाजूने बोलायला तिथे भक्कम आधार असतो.

तरीही रॉकेट घरच्या कपाटात ठेवू नका. दारूगोळ्याच्या व्याख्येत रॉकेट हा शब्दही आहेच. बोटीची वस्तू बोटीवर असावी. पावसाळ्यात बोट ओढून वर घेतली असेल तेव्हा ती कुठे ठेवायची, हे विक्रेत्याला आणि स्थानिक पोलीस ठाण्याला आधी विचारून घ्या.

दुसरा कायदा स्फोटकांचा: १८८४ चा अधिनियम आणि त्याखालचे २००८ चे नियम. तो राबवणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. या नियमांत दारूकामाच्या वर्गात संकेत देणारी साधनंही येतात. सामान्य माणसासाठी अर्थ एवढाच की परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचं, पक्कं बिल घ्यायचं, आणि बिलावर बोटीचं नाव व नोंदणी क्रमांक लिहून घ्यायचा. तो कागद बोटीच्या कागदपत्रांत ठेवायचा. गस्तीवरच्या सागरी पोलिसांनी पेटी उघडली, तर बोलण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

तिसरा प्रश्न वाहतुकीचा, आणि यात चांगली माणसं नकळत अडकतात. ही साधनं संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात वर्ग १ मध्ये, म्हणजे स्फोटकांत येतात. प्रवाशाला ती विमानात ना हातातल्या बॅगेत नेता येतात, ना चेक-इनच्या. अमेरिकेत रिकामं पिस्तूल चेक-इन बॅगेत चालतं म्हणून मेहुणे निर्धास्त असतील, पण त्याची काडतुसं तिथेही चालत नाहीत. मग काडतुसांविना पिस्तुलाचं इथे करणार काय? पोस्ट आणि कुरिअर हा मार्गही बंदच समजा. मुंबईत खरेदी करून पिशवीतून कोकण रेल्वेने किंवा एसटीने आणणं तर मुळीच नको. रेल्वे अधिनियम १९८९ प्रमाणे गाडीत धोकादायक माल नेणं गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते. भरल्या डब्यात ३०,००० कँडेलाचं रॉकेट चुकून पेटलं तर काय होईल हे मी लिहायची गरज नाही. विक्रेत्यालाच माल बंदरापर्यंत पोचवायला सांगा. चार बोटवाल्यांनी मिळून मागणी दिली की तो तयार होतो.

इंटरनेटवर पेनाच्या आकाराचे छोटे फ्लेअर सोडणारे मिळतात, ट्रेकिंगवालेही त्याबद्दल विचारतात. त्यांनाही हेच सगळं लागू आहे. सह्याद्रीत तर त्यात वणव्याची भर.

एवढं वाचूनही कुणाला पिस्तूलच हवं असेल, तर सरळ मार्ग एकच: जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यायचं. ‘आमच्या ओळखीच्या साहेबांनी चालेल म्हटलंय’ याला कागदाची किंमत नाही.

आता वानरं आणि डुकरं. बागायतदाराचं नुकसान मी जवळून बघतो. हाताशी आलेला आंबा, नारळ, भात असं डोळ्यांदेखत जाताना माणूस काय वाटेल ते करायला तयार होतो. पण हा उपाय करू नका. लाल तारा जमिनीवर पडेपर्यंत पूर्ण विझेलच याची खात्री नसते आणि तो धातू वितळवेल इतका तापलेला असतो. मार्च-एप्रिलच्या वाळलेल्या गवतात तो पडला, तर डुकरांनी दहा वर्षांत केलं नसतं तेवढं नुकसान एका तासात होईल. डुक्कर, वानर हे वन्यजीव कायद्याखाली येणारे प्राणी आहेत, त्यांना भाजणं-जखमी करणं हा वेगळा गुन्हा. आणि तुमची बाग खाडीवर असेल तर लाल तारा समुद्रातून दिसतो. समुद्रावरच्या टक्करी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौथ्या परिशिष्टात संकटसंकेतांची यादी आहे आणि तिच्याखालीच लिहिलं आहे की संकट नसताना हे संकेत वापरायला मनाई आहे. तुमच्या बागेतला तारा बघून कुणी बोट भर रात्री खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्याकडे वळवली, तर त्या बोटीवरची माणसं तुमच्या डुकरांपायी धोक्यात येतील. मुदत संपलेली रॉकेटं लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत, ३१ डिसेंबरला उडवणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना लाल प्रकाश म्हणजे मौज असं एकदा वाटायला लागलं, की खऱ्या संकटात सोडलेल्या रॉकेटकडे बघून लोक टाळ्या वाजवतील. ही भीती मनातली नाही. १९१२ साली टायटॅनिकवरून सोडलेली पांढरी रॉकेटं जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावरून दिसली होती. बघणाऱ्यांना त्यांचा अर्थ लागला नाही.

एक प्रश्न मला नेहमी विचारतात: मोठ्या जहाजांवर तरी पिस्तूल असतं ना? नसतं. सोलासप्रमाणे मालवाहू जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या जागी, १२ पॅराशूट रॉकेटं ठेवावी लागतात. प्रत्येक लाइफबोटीत ४ पॅराशूट रॉकेटं, ६ हातमशाली आणि २ तरंगते धुराचे डबे. यादीत पिस्तूल कुठेच नाही. पिस्तुलाचा जन्मही बचावासाठी झालेला नाही. अमेरिकी नौदलातल्या एडवर्ड व्हेरी या अधिकाऱ्याने १८७७ साली जी पद्धत काढली, ती लाल-हिरव्या ताऱ्यांच्या क्रमातून एका जहाजाने दुसऱ्याला निरोप देण्याची होती. समोरचा बघतोय हे माहीत असताना निरोप द्यायला सहा सेकंद पुरतात. कुणीच बघत नसताना लक्ष वेधायला पुरत नाहीत.

तर तुमच्या बोटीवर काय असावं? माझ्या मते चार लाल पॅराशूट रॉकेटं, चार लाल हातमशाली आणि दोन नारिंगी धुराचे डबे. रॉकेटं चाराची दोन करू नका, कारण ती जोडीने सोडायची असतात. पहिलं सोडलं की बघणाऱ्याला शंका येते, मिनिटा-दोन मिनिटांनी दुसरं दिसलं की खात्री पटते. दुसरी जोडी नंतरसाठी, जेव्हा एखाद्या बोटीचे दिवे खरोखर दिसायला लागतील तेव्हासाठी. घाबरलेला माणूस चारही लागोपाठ उडवून टाकतो आणि मग उरलेली रात्र रिकाम्या नळ्या घेऊन बसतो. म्हणून हे कोण सोडणार, केव्हा सोडणार, हे निघण्याआधी ठरवा.

हातमशाल किमान १५,००० कँडेलाने किमान एक मिनिट जळते. ती दूरच्याला बोलवायला नाही, जवळ आलेल्याला नेमकी जागा दाखवायला. धुराचा डबा किमान तीन मिनिटं नारिंगी धूर देतो. तो दिवसाचा, आणि हेलिकॉप्टर आलं तर वैमानिकाला वाऱ्याची दिशाही त्यावरून कळते. हेलिकॉप्टर डोक्यावर असताना पॅराशूट रॉकेट कधीही सोडू नका. विकत घेताना डब्यावर सोलास मान्यतेची खूण आणि मुदतीचा महिना-वर्ष बघा. आपल्याकडे साधारण तीन वर्षांची मुदत छापलेली असते. नुकतंच बनवलेलं मागा, दुकानात दीड वर्ष पडलेलं घेऊ नका. तोडलेल्या जहाजांच्या सामानातून आलेली मुदतबाह्य रॉकेटं कुणी स्वस्तात देऊ केली, तर ती फुकटातही महाग आहेत. वर जायच्या ऐवजी आडवं जाणारं रॉकेट बोटीत शिरतं. पांढऱ्या मशालीही मिळतात, पण त्या ‘मी इथे आहे, माझ्यावर येऊ नका’ हे सांगायला. संकटात लालच.

वापराबद्दल जे मी प्रत्येक तांडेलाला करून दाखवतो ते इथे लिहितो. डबा घेतला त्याच दिवशी उजेडात सूचना वाचा, सगळ्यांना वाचायला लावा. प्रत्येक कंपनीची कळ वेगळी, कुणाची दोरी ओढायची, कुणाचं बूड पिरगळायचं. रात्री, पावसात, ओल्या हातांनी ते वाचता येत नाही. रॉकेट सोडताना वारा जिकडे वाहत जातोय त्या बाजूला, बोटीच्या काठाला उभं राहा, हात डोक्याच्या वर ताठ, तोंड दुसरीकडे. जोराचा वारा असेल तर सरळ वर न धरता वारा जातोय त्या दिशेला किंचित, दहा-पंधरा अंश कलतं धरा, कारण रॉकेट स्वतःहून वाऱ्याच्या उगमाकडे वळतं. ढग खाली आलेले असतील तर ४५ अंशांपर्यंत कलवा, नाहीतर ते ढगात शिरेल आणि तुमचा सगळा प्रकाश ढगाच्या वर पडेल. ऑगस्टमध्ये, पावसाळी मासेमारीबंदी उठल्यावर लगेच निघणाऱ्या बोटींना ही गोष्ट फार उपयोगी पडते. मशाल त्याच बाजूला पाण्यावर, हात लांब करून धरा. तिच्यातून जळते थेंब गळतात, ते फायबरवर पडता कामा नयेत, पेट्रोलच्या टाकीजवळ तर नाहीच. जाड चामड्याचा हातमोजा पेटीतच ठेवा. मशालीकडे बघू नका, डोळे दिपले की पुढची दहा मिनिटं काळोखात काही दिसत नाही. रॉकेट पेटलं नाही तर नळीत डोकावू नका. मिनिटभर तसंच वर धरून ठेवा आणि मग पाण्यात बुडवा.

ठेवायचं कुठे? मूळ वेष्टनात, झाकणाला रबर असलेल्या घट्ट प्लॅस्टिकच्या डब्यात, इंजिनापासून दूर, आणि कुलूप न लावता. कोकणातली दमट हवा ही या मालाची खरी वैरी आहे. अनेक बोटींवर मला ही साधनं जाळ्यांच्या ढिगाखाली, बर्फाच्या पेट्यांमागे सापडली आहेत. बोट उलटताना तिथे कुणी हात घालू शकत नाही. मुदत संपली की समुद्रात फेकू नका, किनाऱ्यावर जाळू नका. नवी घेतानाच जुनी परत घेण्याची अट विक्रेत्याच्या बिलावर लिहून घ्या.

आणि कितीही चांगलं असलं, तरी रॉकेट हे पहिलं साधन नाही. कुणीतरी बघत असलं तरच ते उपयोगाचं. पहिली हाक रेडिओची आणि उपग्रहाची: बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६, आणि इस्रोने मच्छीमार बोटींसाठी विकसित केलेलं, उपग्रहामार्फत संकटसंदेश पाठवणारं डॅट यंत्र, ज्याच्या नव्या पिढीत संदेश पोचल्याची उलट पावतीही बोटीवर मिळते. मोबाइलची रेंज असेल तोवर तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३. तटरक्षक दलाचं ठाणं रत्नागिरीला आहे. पण त्यांची बोट किंवा जवळचा ट्रॉलर तुमच्यापर्यंत येईस्तोवर प्रवाहाने तुम्ही सांगितलेल्या जागेवरून हललेले असता. त्या शेवटच्या चार-पाच मैलांत रॉकेट आणि मशाल लागते. पाहुण्यांकडून पैसे घेत असाल, तर महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी-तपासणी आणि डोई एक लाइफ जॅकेट, हे या सगळ्याच्या आधी.

मेहुण्यांना रिकाम्या हाताने यायला सांगायचं का? नाही. पण ‘मग पिस्तुलाऐवजी उपग्रहावरून मेसेज पाठवणारं ते छोटं यंत्र आणतो’ असं ते म्हणाले, तर तेही थांबवा. परवानगीविना उपग्रह संपर्काची साधनं भारतात बाळगता येत नाहीत. असं ट्रेकिंगचं यंत्र बॅगेत सापडलं म्हणून २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिलेला पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. त्यांना दोन वस्तू आणायला सांगा. एक, मधोमध भोक असलेला संकेताचा आरसा. दिवसा उन्हात त्याचा कवडसा धुराच्या डब्याइतकाच कामाचा, त्याला मुदत नाही आणि परवानाही नाही. दुसरी, अमेरिकी तटरक्षक दलाने मान्य केलेला, आपोआप एसओएस लुकलुकणारा विजेचा दिवा. तिथल्या नियमांत तो रात्रीच्या दारूकामाच्या संकेतांना पर्याय म्हणून चालतो, आणि एसओएस हा कोणत्याही साधनाने दिला तरी त्या १९७२ च्या नियमांतला मान्य संकेत आहेच. रॉकेटइतका तो दूरवर दिसत नाही, पण रात्रभर चालतो. सेल तेवढे काढून वेगळे ठेवायला सांगा, खारट हवेत आत राहिले तर वर्षभरात कुजतात.